पाण्यातली वहिवाट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गल्लीतल्या अप्पांचे. नात्याने ते माझे कुणी नाहीत. मोजणी कचेरीत साखळी आणि फळी घेऊन लोकांची शेतं मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर ते येरमाळ्याजवळच्या आमच्या गावी परत येऊन राहिले. मी बारावी झालो तोवर त्यांचे कान जवळजवळ गेलेले होते. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे लिहून दाखवायचं. त्यांच्या खाटेवर उशीजवळ एक पाटी असायची, शाळेतल्या लेकरांची असते तशी, आणि तिला दोरीने बांधलेली पेन्सिल. आपण पाटीवर लिहायचं आणि ते मोठ्याने उत्तर द्यायचे, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय त्यामुळे गल्लीला माझ्याबरोबरच कळले.

माझे वडील पिठाची गिरणी चालवतात. बारावीनंतर मी गिरणीतच बसावं असं त्यांना वाटत होतं आणि मलाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. आमच्या घरातून आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, तेव्हा तिथं गेल्यावर माणसाचं काय होतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. एका सकाळी अप्पा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आले आणि पट्टा फिरत असतानाच वडिलांना म्हणाले, "ह्याला भूगोल घेऊन धाराशिवला घाला. पोराला नकाशा कळतोय."

वडिलांनी ओरडून विचारलं, "भूगोल शिकून काय करायचं, अप्पा?"

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. "तेच म्हणतोय म्या," ते म्हणाले. "उद्याच जावं लागंल. फारमची तारीख हाय."

दुसऱ्या दिवशी एसटीने ते स्वतः माझ्यासोबत आले. खिडकीतला बाबू जे विचारायचा ते मी पाटीवर लिहायचो, अप्पा मला उत्तर द्यायचे आणि मी ते बाबूला सांगायचो. आमच्यापैकी प्रवेश कुणाला हवा आहे हे त्या बाबूला शेवटपर्यंत कळलं नसावं. पण फॉर्म भरला गेला. पदवी झाली, मग पुण्यात संगणकावर नकाशे करण्याचा कोर्स झाला, आणि त्या काळात सुट्टीला घरी आलो की अप्पा मला त्यांच्या जुन्या मोजण्या सांगायचे. कोणत्या गावात कोणता दगड कुणी हलवला होता, कोणत्या म्हातारीने बांधावर बसून सगळी हद्द बोटाने दाखवली होती आणि ती वीतभरही चुकली नव्हती. मी ऐकत राहायचो. त्यांना मात्र वाटायचं की हा पोरगा पाटीवर काही लिहीत नाही, म्हणजे ह्याला झोप आली आहे.

आता मी समुद्राचे नकाशे करतो. हे मी गावात सांगतो तेव्हा लोक एकदा माझ्याकडे आणि एकदा बालाघाटाच्या डोंगराकडे बघतात. कोकणातल्या एका खाडीजवळ डॉल्फिन वाचवण्याचं काम करणारी एक लहानशी संस्था आहे. तिथल्या मॅडम नौकांवर आणि किनाऱ्यावर काम करतात आणि मी आमच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. नेट चांगलं असलं की माणूस कुठं बसला आहे याने त्यांना फरक पडत नाही. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या नौकांवरच्या माणसांच्या फोनमध्ये आम्ही एक साधी सोय केली आहे. डॉल्फिन दिसला की एक बटण दाबायचं. त्या जागेचा एक ठिपका माझ्याकडे येतो. नौका कुठून कुठं गेली, किती वेगाने गेली, त्याची एक रेषा येते. जिथं ठिपके दाट आणि वेगाच्या रेषाही दाट, तिथं डॉल्फिनच्या अंगावर नौका जाण्याची भीती जास्त. तेवढा भाग नकाशात वेगळ्या रंगाने दाखवायचा आणि नौकावाल्यांना सांगायचं की इथं इंजिन बारीक करा.

खोलीत दुपारी एक वेगळंच हवामान असतं. खाली गिरणीचा पट्टा फिरत असतो आणि त्याची घरघर फरशीतून पायात येते. पिठाची पांढरी धूळ जिन्याने वर येते आणि संगणकाच्या पडद्यावर बसते. खिडकीतून डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या दिसतात, कुणीतरी झोपेत हात हलवावा तशा फिरणाऱ्या. समोर सगळा निळा पडदा. त्या निळ्यात एक एक ठिपका उमटतो. म्हणजे चारशे किलोमीटरवर आत्ता, ह्या क्षणी, एका जनावराने श्वास घ्यायला पाठ वर काढली आहे आणि एका माणसाने ती बघितली आहे. कधी कधी मी काम थांबवून नुसता बसून राहायचो. पडद्यावरचं पीठ पुसायचो नाही. ते लाटांवरच्या फेसासारखं दिसतंय असं मला वाटायचं, आणि मी फेस कधी पाहिलेला नव्हता.

नकाशाबरोबर नौकावाल्यांसाठी चित्रांची पत्रकंही मीच करायचो. डॉल्फिनच्या समोरून जाऊ नका, बाजूने जा. त्यांना घेरू नका. आई आणि पिल्लू यांच्या मधून नौका घालू नका. आई चहा घेऊन वर यायची आणि ती चित्रं बघत उभी राहायची.

"ह्ये मासंच न्हाईत म्हणतूस, तर मग पाण्यात कशाला ऱ्हात्यात?"

"माशासारखे दिसतात, पण आपल्यासारखा श्वास घेतात. पिल्लाला दूध पाजतात."

"पाण्यात?" आईने चित्र जवळून पाहिलं. "सांडत नसंल का?"

मला माहीत नव्हतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, दूध फार घट्ट असतं आणि पिल्लाच्या थेट तोंडात जातं. आणि हेही म्हणाल्या की पिल्लाला आईइतका दम धरता येत नाही, ते सारखं वर येतं, म्हणून नौकेखालचा पंखा लागण्याचं भय त्याला सर्वांत जास्त. आईला मी ते सांगितलं. तिने चित्रातल्या पिल्लावर साचलेलं पीठ पदराने पुसलं आणि ती खाली गेली.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा मी वर्षभराचे ठिपके निवडायला घेतले. धान्य निवडतात तसंच असतं ते. फोन कधी चुकीची जागा सांगतो, ठिपका भलतीकडे पडतो, तो काढून टाकायचा. किनाऱ्याची रेषा काढण्यासाठी मी उपग्रहाची बरीच चित्रं पाहिली आणि त्यातलं सर्वांत स्वच्छ, एकही ढग नसलेलं निवडलं. त्यावरून जमीन एका बाजूला आणि पाणी एका बाजूला अशी रेषा काढली. मग जे ठिपके जमिनीवर पडले होते ते सगळे एका आज्ञेत पुसून टाकले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा होता, त्यावर तर ठिपक्यांचा पुंजकाच होता. नौकांच्या काही रेषाही वाळूवरून गेलेल्या दिसत होत्या. मला हसू आलं. वाळूवर डॉल्फिन कसे असतील आणि वाळूवरून नौका कशी जाईल. उरलेल्या ठिपक्यांभोवती मी चार बाजूंची नीट जागा आखली, आमच्याकडच्या शेतासारखी सरळ बांधांची, आणि कच्चा नकाशा मॅडमकडे पाठवला. त्यांनी तो नौकावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाऊस संपून नौका पाण्यात उतरण्याआधी सभा घ्यायची, तिथं पक्का नकाशा दाखवायचा, आणि मग बंदरावर तोच रंगवून घ्यायचा असं ठरलं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी मला अनोळखी फोन आला. आवाज जाड, बोलणं कोकणातलं. त्यांची नौका आहे, घरच्यांना घेऊन कुलदेवतेला म्हणून उद्या तुळजापूरला येतोय, असं ते म्हणाले. "तुळजापूर तुमच्याकडेच ना? माका भेट. कामाचा बोलणा आसा."

मी मंगळवारी सकाळच्या गाडीने धाराशिवला उतरलो आणि तिथून तुळजापूर गाठलं. मंगळवार म्हणजे देवीचा वार, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या भरभरून उतरत होत्या. ते काका एका लॉजच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत बसले होते. पन्नाशीचे, उन्हाने काळे झालेले, कपाळभर हळदीकुंकू. बायको आणि सुना दर्शनाच्या रांगेत होत्या. आम्ही शेजारच्या हॉटेलात बसलो. चहा येण्याआधीच त्यांनी फोन काढून माझा नकाशा माझ्यापुढे धरला.

"माझे ठिपके खंय गेले?"

मी विचारलं, कोणते ठिपके. त्यांनी खाडीच्या तोंडाशी बोट ठेवलं. वाळूच्या पट्ट्यावर.

"काका, ती जमीन आहे. तिथले मी काढून टाकले."

ते फोन टेबलावर ठेवून मागे टेकले. मग शांतपणे म्हणाले, "तू समुद्र बघलंस काय रे कधी?"

"नाही."

"मगे नकाशो कसो काढलंस?"

"उपग्रहाच्या चित्रावरून."

"वरसून बघून पाण्याचा काय कळतला, झिला?"

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, बशी टेबलावर ठेवली आणि तिची एक कड बोटाने जरा उचलली. चहा एका बाजूला सरकला आणि बशीचा पांढरा भाग उघडा पडला. "ही सुकती," ते म्हणाले. ओहोटीला ते सुकती म्हणतात. मग कड खाली केली. पांढरा भाग चहाखाली गेला. "ही भरती. दिसाक दोनदा. तुझा चित्र सुकतीचा. म्हणान तुका वाळू दिसली. भरतीक थंय पुरुसभर पाणी असता."

पुस्तकात मी भरती-ओहोटी शिकलो होतो, परीक्षेत आकृती काढून पूर्ण गुण मिळवले होते. पण आमच्याकडे जमीन ती जमीन असते. ती सकाळी जमीन आणि दुपारी पाणी होईल, हे नकाशा काढताना माझ्या हाताला सुचलंच नव्हतं. मी त्यांची माफी मागितली.

"माफी रवांदे," ते म्हणाले. त्यांनी चहा प्यायला नाही. "थंयच लागला ता."

काय लागलं, मी विचारलं.

मागच्या हंगामाच्या सुरुवातीला ते पर्यटकांना घेऊन परत येत होते. पाणी उतरायला लागलं होतं, वाळूच्या कडेच्या अरुंद वाटेने आत शिरायची घाई होती. पंख्याला काहीतरी लागलं. त्यांना वाटलं, लाकूड असेल. मागं वळून पाहिलं तर लाकूड नव्हतं, पिल्लू होतं. पर्यटकांना काही कळलं नाही, ते फोटो काढत होते. "तेची आवस थंयच फिरत रवली," ते म्हणाले. आवस म्हणजे आई. "दुसऱ्या दिसाक पण थंयच. तिसऱ्या दिसाक पण."

घरात त्यांनी हे सांगितलं नव्हतं, बंदरावर तर नाहीच. परवाना जाईल, आणि त्या नौकेवर दोन मुलांची घरं चालतात. त्यानंतर ते रोज त्या वाटेने हळू जायचे आणि एखादी पाठ दिसली की बटण दाबायचे. वाळूवरचा तो पुंजका सगळा त्यांचा होता. पिल्लं घेऊन आया तिथं येतात, कारण वाळूच्या आडोशाला पाणी शांत असतं, हे त्यांना हंगामभर हळू गेल्यावर कळलं होतं. आता नौका पाण्यात उतरायच्या होत्या, आणि माझ्या नकाशाने ती वाट बाहेर ठेवली होती. म्हणजे सगळे तिथून वेगाने जाणार.

"ठिपके परत घाल," ते म्हणाले. "पण माझा नाव घालू नको." मी म्हणालो, नाही घालणार.

बाहेर आराध्यांचं गाणं चाललं होतं, कवड्यांच्या माळा विकणारा कुणाशी तरी घासाघीस करत होता, आणि आमच्या टेबलावर थंड झालेल्या चहाचा एक लहानसा समुद्र होता. त्यांच्या सुना दर्शन करून आल्या तसे ते उठले. जाताना त्यांनी माझ्या हातात देवीचा प्रसाद दिला आणि गाडी कुठून मिळते ते विचारलं, जणू आम्ही तेवढंच बोलायला बसलो होतो.

घरी येऊन मी ठिपके परत घातले. जुनी प्रत जपून ठेवण्याची सवय होती, म्हणून ते सापडले. पण मॅडमचा प्रश्न साधा आणि बरोबर होता. एकाच फोनवरून आलेले ठिपके, तेही वाळूवर. ही जागा आपण हळू जाण्याच्या हद्दीत घेतली तर बाकीचे विचारणार, कशावरून. कुणी सांगितलं हे मी सांगू शकत नव्हतो. आणि न सांगता ती वाट बाहेर ठेवली तर पुढचं पिल्लू माझ्या नकाशामुळे जाणार होतं. दोन दिवस मी खोलीत बसून नुसता तो वाळूचा पट्टा पडद्यावर मोठा करून बघत राहिलो. डोळे मिटले तरी तो दिसायचा, मध्येच पाण्याखाली जायचा, मध्येच वर यायचा.

तिसऱ्या दिवशी मी अप्पांकडे गेलो. पाटीवर सगळं मावेना, तीनदा पुसून लिहावं लागलं. नौकेच्या काकांचं गाव, नाव काहीच लिहिलं नाही. अप्पा वाचत गेले आणि भरती-ओहोटीपाशी आल्यावर थांबले.

"समुद्र मोजायला निघाला आन् पाणी हालतंय ह्ये ठाऊक न्हाय व्हय तुला?"

समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली.

बाकीचं वाचून झाल्यावर मात्र त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली. मग त्यांनी पाटी पालथी करून तिच्या कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला, सरळ रेषांचा. "ही कागदाची हद्द. दप्तरात हाय तशी." मग त्याच्या बाहेर, एका कोपऱ्यात, तुटक तुटक रेघ ओढली. "आन् ही वहिवाट. दप्तरात न्हाय, पर माणसं तिथून येत्यात-जात्यात, बैलं जात्यात. म्या दोन्ही दाखवायचो. एक भरीव, एक तुटक. बघणाऱ्याला कळायचं, हितं कागद बोलतोय आन् हितं वाट बोलतीय."

मी लिहिलं, वाट दाखवली कुणी असं विचारलं तर?

"लिहायचं, समक्ष दाखवल्याप्रमाणं. नाव कशाला पाहिजे? ज्याला खोटं वाटतंय त्यानं जाऊन उभं ऱ्हावं आन् बघावं."

मी नवा नकाशा केला. खात्रीच्या जागेभोवती भरीव रेषा, वाळूच्या पट्ट्याभोवती तुटक. किनाराही दोन वेळा काढला, भरतीचा आणि ओहोटीचा. खाली सूचीत तुटक रेषेपुढे लिहिलं: डॉल्फिनची वहिवाट, समक्ष दाखवल्याप्रमाणे. मॅडमनी ते वाचून फोन केला. मी एवढंच म्हणालो की मला दाखवणारा माणूस खरा आहे आणि मी त्याला शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, सभेत हे तूच सांग.

सभेच्या दिवशी वडिलांनी माझ्यासाठी भर दुपारी पट्टा उतरवला, म्हणजे मला नीट ऐकू यावं. गिरणीवर डबे घेऊन थांबलेल्या बायका कंटाळून वर आल्या आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या. पडद्यावर पलीकडे एका शाळेचा हॉल, बाकांवर नौकावाले, आणि शेवटच्या बाकावर ते काका. मी आधी माझी चूक सांगितली. जमीन समजून मी ठिपके पुसले, मला भरती माहीत नव्हती.

"समुद्र न बघितलेलो माणूस आमका समुद्र शिकयता," एकजण म्हणाला.

"डोंगरार बसून जाळा टाकता हो," दुसरा म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. माझ्या मागच्या बायकाही हसल्या.

हसू ओसरल्यावर पुढच्या बाकावरच्या एका तरुण नौकावाल्याने विचारलं, ती तुटक रेघ कसली. मी सांगितलं, आमच्याकडे शेताच्या नकाशात वहिवाट अशी दाखवतात. पिल्लं घेऊन आया त्या वाटेने येतात. त्यांचा जाण्या-येण्याचा रस्ता आहे तो.

"आमच्या घरामागसून पण वहिवाट आसा," कुणीतरी म्हणालं. "भावकी रोज भांडता तेच्यार."

"पण ही दाखवली कोणी?" त्या तरुणाने विचारलं.

मी म्हणालो, ज्याने पाहिली त्याने. तुम्हाला शंका असेल तर ओहोटी सुरू होताना तिथं इंजिन बारीक करून उभे राहा आणि बघा.

मग शेवटच्या बाकावरून तो जाड आवाज आला. "थंय मी इंजिन बारीक करतलंय." बस, एवढंच. दोघातिघांनी मान डोलावली, दोघे उठून बाहेर गेले, बाकीचे आपापसात बोलायला लागले. खाली कुणीतरी वडिलांना हाक मारली आणि गिरणी पुन्हा सुरू झाली, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही.

नौका पाण्यात उतरल्यावर पहिल्या दिवसांत तुटक रेषेपाशी बऱ्याच नौकांच्या रेषा मंद झालेल्या दिसल्या. तीन नौका मात्र पूर्वीसारख्याच वेगाने जात होत्या. मॅडम म्हणाल्या, तू ये, त्या तिघांना घेऊन आपण जाऊ. अप्पा तोवर सोलापूरला मुलीकडे राहायला गेले होते. मी खाडीवर गेलो आणि खाडीकाठच्या ज्या खोलीत उतरलो होतो तिथून त्यांना हे पत्र पाठवलं.

*

अप्पा,

नमस्कार. पाटीवर मावलं नसतं म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा नसला तरी चालेल.

मी समुद्र पाहिला. पहिल्यांदा तो बसमधून दोन घरांच्या मध्ये दिसला आणि मला वाटलं, कुणी सोयाबीनच्या गंजीवर निळी ताडपत्री टाकली आहे. मग ती ताडपत्री हलली. जवळ गेल्यावर मी बराच वेळ उभा होतो. तुम्ही माझी नक्कीच चेष्टा केली असती.

आज दुपारी ओहोटीला आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो. ज्यांच्याविषयी मी तुम्हाला पाटीवर लिहिलं होतं, नौका त्यांचीच होती. सोबत मॅडम होत्या आणि वेगाने जाणाऱ्या त्या तीन नौकांचे चालक, त्यांत सभेत प्रश्न विचारणारा तो तरुणही. तुटक रेषेपाशी आल्यावर काकांनी इंजिन अगदी बारीक केलं. माझ्या डोळ्यांदेखत वाळू पाण्यातून वर आली, आधी एक रेघ, मग बैलाच्या पाठीएवढी, मग आमच्या अंगणाएवढी. पाणी इतकं शांत होतं की नौकेची सावली तळाला दिसत होती. आम्ही पाऊण तास थांबलो. एक मोठी पाठ वर आली आणि तिच्याशेजारी एक लहान. त्यांच्या श्वासाचा आवाज येतो, अप्पा. बैल पाणी पिऊन झाल्यावर फुरफुरतो ना, जवळजवळ तसा.

त्या दोघी दूर गेल्यावर सभेतल्या त्या तरुणाने मला पुन्हा विचारलं, आता तरी सांग, हे दाखवलं कुणी. मी तेच उत्तर देणार होतो. पण काका सुकाणूवरचा हात न काढता म्हणाले, "मी." आणि मग त्यांनी गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं, मला तुळजापूरला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. ते पिल्लू त्यांनी हाताने वर धरायचा प्रयत्न केला होता, हे मला माहीत नव्हतं. तिघांपैकी कुणी त्यांना दोष दिला नाही. त्या तरुणाने आपली तंबाखूची डबी त्यांच्यापुढे केली. परत येताना त्या वाटेतून बाहेर पडेपर्यंत कुणीही इंजिन वाढव म्हणालं नाही.

मॅडमनी ते ऐकलं आहे, त्यामुळे आता ते वर कळवावं लागणार. त्यांचा परवाना राहील की जाईल, हे इथं कुणालाच सांगता येत नाही. मला वाटलं, मी नकाशा केला नसता तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. तसं मी त्यांना म्हणालोही. ते म्हणाले की तुझ्या नकाशात नाव नव्हतंच, ते माझ्या तोंडून आलं. मी विचारलं, भीती वाटते का. वाटते, असं ते म्हणाले. मग नौका बांधून त्यांनी दोर दोनदा ओढून पाहिला आणि घरी बायकोला सांगायला गेले, कारण तिला हे बंदरावरून कळू नये.

मी परवा निघतोय. सोलापूरवरून येईन, तुम्हाला भेटूनच पुढं गावी जाईन.

तुमचा,
गिरणीवाल्यांचा मुलगा